उठवण्याआधी बसायला शिकवा: वर्गात हालचालींच्या कृती कशा सुरू कराव्यात

तास सुरू होऊन वीस मिनिटं झालेली असतात. एकाची पेन्सिल खाली पडते आणि ती उचलायला तिघं वाकतात. मागच्या बाकावरून पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारणा होते आणि लगेच आणखी दोन हात वर होतात. फळ्याकडे बघणारे डोळे फळ्यावरच असतात, पण त्यात काही उतरत नाही, हे शिकवणाऱ्याला समोरून स्पष्ट दिसतं. अशा वेळी आपण म्हणतो, "नीट बसा, लक्ष द्या." वर्ग अर्धा मिनिट ताठ बसतो आणि मग पुन्हा विरघळतो.

मुलांना त्या क्षणी बसणंच जड झालेलं असतं. त्यांना उठवायला हवं, हे बहुतेक नव्या शिक्षकांना चटकन पटतंही. अडचण त्याच्या पुढे येते. मी पहिल्यांदा भर तासाला सगळ्या वर्गाला उड्या मारायला लावल्या, तेव्हा उड्या दोन मिनिटं चालल्या आणि वर्ग जागेवर यायला दहा मिनिटं गेली. पुढे कित्येक महिने मी त्या वाटेला गेले नाही. चूक उड्यांची नव्हती. मुलांना परत कसं यायचं ते मी आधी शिकवलंच नव्हतं. म्हणून या लेखात पहिली पायरी परतीची आहे, कृती नंतर येतात.

याचा उपयोग खरंच होतो का?

होतो, पण किती आणि कशाने हे नीट समजून घेतलेलं बरं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये २० मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं ट्रेडमिलवर २० मिनिटं चालली. त्यानंतर, नको त्या गोष्टींकडे दुर्लक्ष करून नेमक्या खुणेला प्रतिसाद देण्याच्या चाचणीत त्यांची अचूकता वाढली आणि वाचन-आकलनही शांत बसून राहिल्यानंतरच्या चाचणीपेक्षा चांगलं झालं. २००६ मध्ये मॅथ्यू माहर आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक वर्गांत रोज १० मिनिटांच्या कृती घेऊन पाहिल्या. मुलांचं कामात लक्ष असण्याचं प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी वाढलं, आणि ज्यांचं लक्ष सर्वांत कमी लागायचं त्यांच्यात हा फरक २० टक्क्यांपर्यंत दिसला. मला यातला दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो. ज्या मुलाला आपण दिवसभर "स्वस्थ बस" म्हणत असतो, त्यालाच याचा सर्वाधिक फायदा होतो.

कारणही समजण्यासारखं आहे. हालचालीने हृदयाचे ठोके वाढतात, रक्ताभिसरण सुधारतं आणि जागरूकतेशी निगडित असलेली नॉरअॅड्रिनॅलिन, डोपामिनसारखी रसायनं मेंदूत अधिक स्रवतात. एकाच स्थितीत अवघडलेलं अंग मोकळं होतं. शिवाय एकाच कामावर रोखून धरलेल्या लक्षाला थोडी विश्रांती मिळते. हा परिणाम काही काळ टिकतो आणि ओसरतो. सकाळी एकदा उड्या मारल्या की दिवस निभावला, असं होत नाही.

एक सावधगिरी इथेच सांगते. 'ब्रेन जिम' नावाने काही ठरावीक हालचाली शिकवल्या जातात. उजवा हात डाव्या गुडघ्याला लावला की मेंदूचे दोन्ही भाग जोडले जातात, छातीवरचा अमुक बिंदू चोळला की वाचन सुधारतं, असे दावे त्यासोबत येतात. या दाव्यांना पुराव्याचा आधार मिळालेला नाही. कृती म्हणून हात-गुडघा चांगला आहे, जरूर घ्या. पण तो उपयोगी पडतो तो हालचाल म्हणून. पालकांना आणि मुलांना तेवढंच सांगा.

पायरी १: परतीची खूण पक्की करा

पहिल्या दिवशी कोणतीही कृती घेऊ नका, फक्त उठण्या-बसण्याचा सराव घ्या.

एक खूण ठरवा. शिट्टी चालते, टाळ्यांचा ठेका चालतो. मी हात वर करून पाचपासून शून्यापर्यंत उलट मोजते. "पाच" सगळ्यांना ऐकू जाईल असं, "चार" त्याहून हळू, "तीन" आणखी हळू, "एक" जवळजवळ कुजबुजत. शून्य नुसतं ओठांनी. मुलांना मोजणी ऐकायची तर गप्प व्हावं लागतं, हे या पद्धतीचं बळ आहे. शिक्षकाचा आवाज चढत गेला की वर्गाचाही चढतो, आणि उतरत गेला की वर्गही सोबत उतरतो.

प्रत्येक आकड्याला एक काम जोडा. पाचला हालचाल थांबवायची. चारला आपल्या जागेकडे वळायचं. तीनला बसायचं. दोनला दोन्ही तळवे बाकावर. एकला श्वास सावकाश बाहेर सोडायचा. शून्याला नजर फळ्यावर.

आता सराव. "उठा, जागेपासून दोन पावलं चाला." मग हात वर, मोजणी. पहिल्या खेपेला गोंधळ होईल, रागावू नका. "पुन्हा करू, या वेळी तीनला सगळे खाली," एवढंच म्हणा. चार-पाच वेळा केलं की वर्ग जमवतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही हाच सराव एकेकदा घ्या. यात एकूण पंधरा मिनिटं जातील आणि ती वर्षभर पुरतील.

याला जोडून आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा उमगली. बसल्यावर करायचं काम फळ्यावर *आधीच* लिहिलेलं असलं पाहिजे. मुलं उठण्यापूर्वी लिहा: "दुसरं उदाहरण वहीत उतरवा." वर्ग बसल्यावर शिक्षक खडू शोधत असेल, पान कोणतं ते आठवत असेल, तर मिळवलेली एकाग्रता त्या रिकाम्या मिनिटात सांडून जाते. हे पहिलं काम लहान आणि नक्की जमेल असं असावं. कठीण प्रश्न त्यानंतरचा.

पायरी २: जागा बघून घ्या

दप्तरं बाकाखाली. पाण्याच्या बाटल्या बंद. ओली किंवा गुळगुळीत फरशी असेल तर जागच्या जागी करता येतील एवढ्याच कृती. बूट-चपला घातलेल्या असाव्यात, नुसत्या मोज्यांवर मुलं हमखास घसरतात. हात दोन्ही बाजूंना पसरून कोणाला लागत नाही, हे प्रत्येकाने आधी तपासायचं. बाक जमिनीला पक्के असतील, वर्ग खचाखच भरलेला असेल, तरी अडत नाही. उभं राहायला जागा असली की पुरे. पळणं वर्गात कधीच नाही. "भरभर चाला" हा शब्दप्रयोग मुलांना सवयीचा करा.

तुमच्या खालच्या मजल्यावर दुसरा वर्ग भरत असेल तर उड्यांऐवजी टाचा उचला. शेजारच्या शिक्षकांना एकदा भेटून सांगून ठेवा की अमुक वेळेला दोन मिनिटं आवाज होईल. या भेटीने पुढच्या बऱ्याच तक्रारी टळतात.

पायरी ३: चारच कृती निवडा

नवे शिक्षक मोबाइलवर पन्नास कृती जमवतात आणि रोज नवी घेतात. मग रोज नियम समजावण्यात वेळ जातो. चार घ्या, महिनाभर त्याच चालवा. ओळखीची कृती वीस सेकंदांत सुरू होते. माझ्या चार या:

*उतरती चाल.* जागच्या जागी चालायचं. पहिली ३० सेकंद भरभर, गुडघे उंच. पुढची ३० मध्यम. शेवटची ३० अगदी संथ, पावलांचा आवाज न करता. वेग उतरतच संपत असल्याने बसवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. सुरुवात करायची तर इथून करा.

*उलटी सूचना.* मी "वर" म्हटलं की हात खाली, "खाली" म्हटलं की वर, "पुढे" म्हटलं की एक पाऊल मागे. अंगवळणी पडलेली प्रतिक्रिया रोखायची असल्याने मुलांना बारकाईने ऐकावं लागतं. अंग आणि लक्ष दोन्ही एकदम कामाला लागतात. चुकलेल्याला बाद करू नका. बाद पद्धतीच्या खेळात जो सर्वांत आधी बाहेर पडतो, त्यालाच बहुधा त्या हालचालीची गरज सर्वाधिक असते, आणि तोच उभा राहून इतरांना बघत बसतो.

*भिंत ढकलणे.* तळवे भिंतीला किंवा बाकाच्या कडेला लावून दहा आकडे होईपर्यंत जोर लावायचा, सोडायचा, तीन वेळा. आवाज शून्य. मधल्या सुट्टीनंतर उधाणून आलेल्या वर्गासाठी माझी पहिली निवड हीच.

*तोल.* एका पायावर २० सेकंद, मग दुसऱ्या. नजर फळ्यावरच्या एका ठिपक्यावर. ज्यांना सहज जमतं त्यांनी हात घडी घालावेत. परीक्षेच्या आधी किंवा हस्ताक्षराच्या कामाआधी ही घ्या. जोरदार उड्यांनंतर हात किंचित थरथरतात आणि बारीक लिखाण बिघडतं, म्हणून त्या गणिताच्या तोंडी सरावाआधी बऱ्या.

पायरी ४: वेळ ओळखा

घड्याळापेक्षा वर्गाकडे बघा. वर सांगितलेल्या खुणा (पडणारी पेन्सिल, पाण्याची तहान, एकच ओळ तीनदा वाचणं) दिसू लागल्या की दोन मिनिटं काढा. लहान वर्गांत पंधरा-वीस मिनिटांनी गरज भासते, मोठ्या वर्गांत अर्ध्या तासाने. वर्ग पूर्ण विस्कटेपर्यंत थांबू नका. तेव्हा उठवलं तर ती गडबडीला मिळालेली परवानगी ठरते. आणि मुलं एखाद्या कामात खोल बुडालेली असतील, तर वेळापत्रकात लिहिलंय म्हणून त्यांना उठवू नका.

दोन-चार मिनिटं पुरेशी असतात. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी अवघ्या ४ मिनिटांच्या जोरकस हालचालींनंतर प्राथमिक वर्गांतल्या मुलांचं इकडेतिकडे भरकटणं कमी झाल्याचं नोंदवलं आहे. अर्थात या चार मिनिटांनी मैदानाची भरपाई होत नाही. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. "आता वर्गातच व्यायाम होतो" म्हणून खेळाचा तास कापला जात असेल, तर त्याला ठाम विरोध करा. शिक्षा म्हणून मधली सुट्टी काढून घेणं, किंवा शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावणं, हेही पूर्ण बंद. हालचाल एकदा शिक्षेच्या खात्यात गेली की मुलं तिच्याकडे त्याच नजरेने बघतात.

पायरी ५: धडाच चालवा

वरच्या कृती म्हणजे विश्रांती. त्या जमल्या की खरं रुचकर काम सुरू होतं: पाठातला आशयच हालचालीतून शिकवणं. नेदरलँड्समध्ये अशा पाठांचा दोन वर्षांचा प्रयोग झाला. सुमारे ५०० मुलं, वर्षातले २२ आठवडे, आठवड्याला तीन वेळा २० ते ३० मिनिटं, गणित आणि भाषेचा सराव अंगाने. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. गणित आणि शुद्धलेखनात ही मुलं पुढे गेली, वाचनात मात्र फरक दिसला नाही. म्हणजे सगळं काही उभं राहून शिकवायची गरज नाही. ज्याला दिशा, क्रम, प्रमाण किंवा नातं आहे, ते अंगाने चांगलं शिकता येतं.

ऋण संख्यांचंच घ्या. जमिनीवर खडूने उणे १० ते अधिक १० अशी संख्यारेषा आखा, दोन आकड्यांत एका पावलाचं अंतर. नियम दोनच. बेरीज असेल तर तोंड अधिकच्या बाजूला, वजाबाकी असेल तर तोंड उणेच्या बाजूला. पुढची संख्या धन असेल तर पुढे चालायचं, ऋण असेल तर मागे.

आता ४ वजा उणे ३. मुलगी ४ वर उभी राहते. वजाबाकी, म्हणून उणेच्या बाजूला वळते. संख्या उणे ३, म्हणून त्याच तोंडाने तीन पावलं मागे जाते. एक, दोन, तीन. खाली बघते तर पायाखाली ७. "अरे, मी तर वाढले!" तोंड एकीकडे आणि पावलं दुसरीकडे, त्यामुळे दोन उणे मिळून अधिक कसं होतं ते पाठीला आणि टाचांना कळलेलं असतं. तोपर्यंत फळ्यावर लिहिलेला नियम तिने फक्त पाठ केला होता. एका वेळी एकच मूल चालतं, तेव्हा बाकीच्यांनी बसून नुसतं बघायचं नाही. जागेवरून बोट त्याच दिशेने हलवायचं आणि उत्तर वहीत आधीच लिहून ठेवायचं.

विज्ञानात चंद्र. एक मूल मधोमध पृथ्वी होतं, दुसरं चंद्र होऊन तिच्याभोवती फिरतं. अट एवढीच की चंद्राचं तोंड सतत पृथ्वीकडे. चंद्र झालेल्या मुलाला फेरीनंतर विचारा, "तुला वर्गातल्या कोणकोणत्या भिंती दिसल्या?" तो म्हणतो, चारही. म्हणजे तो स्वतःभोवती एकदा फिरला. चंद्र स्वतःभोवती फिरत नाही, असं वाटणाऱ्या मुलांचा समज इथे दुरुस्त होतो. तो फिरतो, पण पृथ्वीभोवतीची फेरी जितक्या काळात होते तितक्याच, म्हणजे सुमारे २७.३ दिवसांत, म्हणून आपल्याला त्याची एकच बाजू दिसते.

स्थायू, द्रव, वायू हा खेळ सगळीकडे घेतला जातो, पण त्यात एक चूक राहून जाते. स्थायू होताना मुलं पुतळ्यासारखी थांबतात. थांबू देऊ नका. खांद्याला खांदा लावून जागच्या जागी हलकं थरथरत राहायला सांगा, कारण स्थायूतले कणही कंप पावत असतात. चुकीचं चित्र अंगात बसलं की ते पुसणं कठीण जातं.

भाषेत विरामचिन्हं चालत वाचा. स्वल्पविरामाला क्षणभर थांबा, पूर्णविरामाला दोन्ही पाय जुळवून थांबा, प्रश्नचिन्हाला दिशा बदला. दुसरी भाषा शिकवत असाल तर क्रियापदं आज्ञा देऊन करून घ्या: ऊठ, दाराला हात लाव, वही उलटी ठेव. मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी १९६० च्या दशकात याच तत्त्वावर भाषाशिक्षणाची एक पद्धत उभी केली. आधी ऐकून अंगाने प्रतिसाद, बोलणं नंतर. लाजऱ्या मुलांना ही फार मानवते, कारण चुकीचं बोलण्याची भीती त्यात नसते.

मोठीच हालचाल हवी असंही नाही, हात पुरतात. शिकागो विद्यापीठातल्या सुसान गोल्डिन-मेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये समीकरणाच्या दोन्ही बाजूंखालून आळीपाळीने हात फिरवायला शिकलेल्या मुलांची तुलना फक्त बोलून शिकलेल्यांशी केली. चार आठवड्यांनंतर हातवारे करणाऱ्यांच्या लक्षात ते अधिक राहिलं होतं.

पायरी ६: कोणी बाजूला पडणार नाही हे बघा

वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांकडून माहिती घ्या: दमा, हृदयविकार, फिट्स, नुकतंच हाड मोडलेलं. व्हीलचेअरवरच्या मुलासाठी वेगळी कृती शोधत बसण्यापेक्षा सगळ्यांचीच कृती अशी ठरवा की तिचा बसून करायचा प्रकार असेल. उतरती चाल हातांनीही होते, मांड्यांवर तळव्यांचा ठेका धरून. मग "बसून किंवा उभं राहून, तुम्हाला हवं तसं" अशी सूचना सगळ्या वर्गाला द्या. त्या एकट्याकडे बोट जात नाही.

काही मुलांना गोंगाट आणि धक्का सहन होत नाही. त्यांना आधी कल्पना द्या, कडेची जागा द्या. स्पर्शाच्या कृतींची सक्ती नको. वयात येणाऱ्या मुलामुलींना सगळ्यांसमोर उड्या मारणं नकोसं होतं, हे अगदी स्वाभाविक आहे. त्यांच्यासाठी हेतू असलेली हालचाल निवडा: वर्गाच्या चार कोपऱ्यांत चार उत्तरं लावून आपल्या उत्तराशी जाऊन उभं राहणं आणि का ते सांगणं, भिंतीवर लावलेला उतारा वाचून येऊन जोडीदाराला सांगणं, उभ्याने गटचर्चा. एकदा चालायला काही कारण मिळालं की तीच मुलं आनंदाने चालतात.

पायरी ७: दोन आठवडे नोंद ठेवा

वहीचं एक पान पुरे. तीन रकाने: कोणती कृती, वर्ग बसायला किती सेकंद लागले, बसल्यावर दोन मिनिटांनी किती मुलं कामाला लागलेली होती. शेवटचा आकडा नजर फिरवून मोजायचा, अंदाजाने लिहायचा नाही. दोन आठवड्यांनी पान वाचा. मला एकदा असं दिसलं की मुलांना सर्वांत आवडणारी कृती झाल्यावरच कामाला लागायला सर्वांत जास्त वेळ जात होता. ती मी शुक्रवारच्या शेवटच्या तासाला ठेवली आणि मधल्या तासांना भिंत ढकलणं आणलं. बसायचा वेळ मिनिटाच्या वर जाऊ लागला की कृती बदलण्याआधी पहिल्या पायरीकडे परत या आणि मोजणीचा सराव पुन्हा घ्या. बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.